दादाचं कडक आयसिंग

मुलुंड,
१७ मार्च २०२५

चि. सपना हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

जुनी गोष्ट आहे, जयंतीच्या आदल्या दिवसाची, मी तुमच्या घरची सून होऊन काही वर्षं झालेली. त्या सकाळी नळाला पाणी लवकर आलं होतं. दोन पिंपं भरून झाली, चहाचं आधण ठेवलं, भाकरीचं पीठ काढून ठेवलं. तुझा दादा खाली जमिनीवर मांडी घालून केकवर नावं लिहीत बसला होता. मी केर काढत त्याच्या बाजूने गेले आणि जाता जाता म्हटलं, कुंडलिकच्या मुलीचं नाव राहिलं. त्याचा हात थांबला. कोणी सांगितलं म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, सांगायला कशाला कोण पाहिजे, इथे नऊ नावं आहेत, त्यात तिचं नाही.

तेव्हा त्याला कळलं की मला वाचता येतं. चार वर्षं मी वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचत होते आणि कोणाला बोलले नव्हते. जमलं नाही तर हसं नको व्हायला. तो उठला, मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिला. मग येऊन त्या पोरीचं नाव लिहिलं. संध्याकाळी विहारातल्या कपाटातून माझ्यासाठी एक पुस्तक घेऊन आला. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. आज सांगायचं कारण पुढे आहे.

काल जयंतीची मीटिंग झाली. अंबादास आता मंडळाचा सेक्रेटरी आहे. तो म्हणाला, गेल्या वर्षीच्या दुकानातूनच केक मागवू. गेल्या वर्षी तुझा दादा जाऊन सहाच महिने झाले होते, म्हणून मी काही बोलले नाही. पण त्या केकचं काय झालं ते तू पाहिलंस. एप्रिलचं ऊन, वर पत्र्याचा मांडव. वंदना संपेपर्यंत क्रीम खाली बसलं आणि निळा रंग वाहत टेबलाच्या पांढऱ्या कापडावर आला. एक म्हातारी पदराने पुसत बसली होती. मला ते बघवलं नाही.

मीटिंगमध्ये निम्मे लोक नवे. त्यांना माहीतच नव्हतं की आपल्याकडे जयंतीचा केक म्हणजे उघडलेलं पुस्तक असतं, वरून पांढरं, खडीसाखरेसारखं कडक, आणि त्यावर जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या वस्तीतल्या पोरांची नावं निळ्या अक्षरात, आणि ज्याचं नाव त्याला तो तुकडा. मी उभी राहून सांगितलं. मीटिंगमध्ये मी कधी तोंड उघडत नाही हे तुला माहीत आहे. सांगता सांगता तोंडातून गेलं की यंदा मी करते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंबादासने तिथल्या तिथे नावं लिहून दिली. यंदा अकरा पोरं आहेत.

आणि सपना, माझं आयसिंग घट्ट होत नाही. काल मीटिंगहून येऊन करून पाहिलं, रात्रभर ठेवलं तरी सकाळी कढीसारखं. तुझ्या दादाने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय ते एवढंच: पांढरं आठ अंड्यांचं, पिठीसाखर दीड किलो, लिंबू, हात थांबवू नये. तीस वर्षं घाटकोपरच्या बेकरीत हेच केलं, तिथे मशीन आणि क्रीम आलं तेव्हा बंद झालं, मग राहिलं ते फक्त जयंतीचं, वर्षातून एकदा घरी. मला कधी जवळ बसवलं नाही. तू लहानपणी त्याच्या मागे मागे असायचीस. काही आठवतंय का बघ. यंदा माझं फसलं तर पुढच्या वर्षी कोणी विचारणार पण नाही, दुकानाचाच केक कायमचा.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला मोबाईलवर टाईप करता येत नाही, म्हणून आपल्यामुळे पोस्टाचं बरं चाललंय. लवकर लिही.

माया आहे ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
द्रौपदी


अंधेरी,
२२ मार्च २०२५

ती. द्रौपदीवहिनी यांस,
सविनय जयभीम, वि. वि.

पत्र मिळालं. वर ती. लिहिलं म्हणून रागावू नकोस, तू म्हातारी झालीस असं मी म्हणत नाहीये, आयसिंग म्हणतंय.

तू मीटिंगमध्ये उभी राहिलीस, हे वाचून मी बसले होते ती उठून उभी राहिले. माझ्या लग्नात फोटोसाठी उभी राहा म्हटलं तर खांबाच्या मागे गेलेली बाई ती. आणि त्या कुंडलिकच्या मुलीचं नाव! दादा मला म्हणाला होता की वहिनीला मी शिकवलं. लबाड. चांगला दोन वर्षं मिरवला त्यावर.

आता आठवतं ते सांगते. साखर तो विकतची पिठी घेत नसे. घरी दळायचा आणि माझ्या जुन्या मलमलच्या ओढणीतून चाळायचा. ओढणी मागितली नव्हती, घेतली होती. साखर एकदम टाकायची नाही, चमचा चमचा. लिंबाचं बी पडू द्यायचं नाही. अंड्यातलं पिवळं एक थेंब पांढऱ्यात गेलं तर ते सगळं बाजूला, भुर्जीला. एकाच दिशेने फेटायचं, आणि झालं की वर ओलं फडकं. डोक्याला रुमाल बांधून बसायचा आणि मला चार हात लांब बसवायचा. मी बोलले की म्हणायचा, तुझ्या बोलण्याने साखर ओली होते.

एवढंच आहे बघ. कारखान्यातल्या मशीनने माझे कान खाल्ले, पण हे डोळ्यांनी बघितलेलं आहे, त्यामुळे शिल्लक आहे.

एक विचारू? तू हे अकरा पोरांसाठी करते आहेस की दादासाठी? दादासाठी असेल तर वहिनी, केक बिघडला तर जीवाला लावून घेशील. तुझं मला माहीत आहे. तू रडत नाहीस, भांडी घासत बसतेस. सम्यकला सांग, आईचं ब्लडप्रेशर बघत जा म्हणावं.

साखर चाळायला दुसरी ओढणी पाठवू का? या वेळी विचारून घे.

आहे तसाच जीव लावत राहा.
तुझी,
सपना


मुलुंड,
२९ मार्च २०२५

चि. सपना हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

ओढणी नको, माझं जुनं पातळ चाललं.

तुझ्या पत्राप्रमाणे सगळं केलं. साखर मिक्सरमध्ये बारीक करून दोनदा चाळली. पिवळ्याचा थेंब जाऊ दिला नाही. एका दिशेने पाऊण तास हात चालवला, आता उजवा खांदा वर होत नाही. पांढरं फुगतच नाही गं. फेस येतो आणि बसतो. ताटलीत थापून पंख्याखाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर बोट आत. आतापर्यंत चार वेळा झालं. सम्यकने भुर्जी खायला चक्क नकार दिला आहे. चांगला अडतीस वर्षांचा माणूस, ऑफिसला जाताना डबा उघडून बघतो आणि मगच घेतो.

सम्यक म्हणतो, आई, राहू दे, कोणी काही बोलणार नाही. त्याचं बरोबर आहे, कोणी बोलणार नाही. मला त्याचंच वाईट वाटतं. अंबादास परवा येऊन गेला. चांगला माणूस आहे, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, आणि उठताना म्हणाला की दुकानाला आठ तारखेपर्यंत सांगावं लागतं, तुमच्यावर जोर नाही वहिनी. जोर नाही म्हटलं की जास्त जोर येतो.

तू विचारलंस कोणासाठी. मला नीट सांगता येत नाही. पोरांसाठी म्हटलं तर खोटं होईल आणि फक्त तुझ्या दादासाठी म्हटलं तर तेही पुरतं खरं नाही. तो गेल्यावर त्याचे कपडे दिले, चष्मा दिला. सायकल सम्यकने कोणाला तरी दिली. मी काही धरून बसले नाही. फक्त आयसिंगचं सामान ठेवलं. तो चिनी मातीचा मोठा वाडगा आणि फेटायचा लाकडी चाटू. चाटूच्या दांड्याला त्याच्या अंगठ्याचा खळगा पडला आहे. तो गेल्यानंतर त्या लाकडाला कोरड पडून बारीक चीर गेली, तेव्हापासून मी दर रविवारी त्याला खोबरेल चोळते, लहान मुलाला चोळावं तसं. वाडग्यालाही आतून बाहेरून हात फिरवते. दीड वर्षात एक रविवार चुकलेला नाही. आता चाटू असा झालाय की लाकूड आहे की शिंग कळत नाही. त्या खळग्यात माझा अंगठा बसत नाही, त्याचा मोठा होता. पण धरलं की बरं वाटतं.

त्यानेच फेटते आहे. तरी होत नाही म्हणजे माझ्या हातालाच ते जमणारं नसेल.

आठ तारखेला अंबादासला नाही सांगून टाकणार आहे. तुला काही सुचलं तर त्याआधी कळव, नाही तर नको. तुझ्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलीस का ते लिहिलं नाहीस. टाळू नकोस.

रागावू नकोस आणि विसरू पण नकोस.
तुझी,
द्रौपदी


अंधेरी,
३ एप्रिल २०२५

ती. वहिनी यांस,
सविनय जयभीम, वि. वि.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे. तीन दिवस लिहू की नको करत होते. लिहिलं नाही तर तू आठ तारखेला नाही सांगशील, आणि लिहिलं तर तुला लागेल. दुसरं बरं वाटलं.

वहिनी, ते तेल आहे.

दादा माझ्यावर जन्मात एकदाच ओरडला. मी आठवीत होते, तू माहेरी गेली होतीस. आईने माझ्या डोक्याला तेल थापून दोन वेण्या घातल्या होत्या. दादाचं आयसिंग होत आलं होतं. मी तेलकट बोटाने वाडग्याची कड चाटली आणि चाटू उचलून दोन हात फिरवले, बस. तेवढ्याने सगळं बसलं. आठ अंडी, दीड किलो साखर. पांढऱ्याला तेल चालत नाही, वहिनी. एक बोट लागलं तरी ते फुगत नाही, आणि फुगलं नाही तर कडक होत नाही. तो असा ओरडला की शेजारचे आले. मग दोन दिवस माझी समजूत काढायला स्वतः वेणी घालून द्यायला निघाला होता. एक वेणी कानावर, एक मानेवर. मी तशीच शाळेत गेले.

त्यानंतर तो फेटायच्या आधी सगळं सामान स्वतः धुवायचा. उकळतं पाणी ओतायचा, अर्धं लिंबू चोळायचा, उन्हात ठेवायचा आणि नाकाला लावून बघायचा. त्या दिवशी स्वतःच्या डोक्याला पण तेल लावत नसे, म्हणून तो रुमाल. मला वाटलं होतं तुला हे माहीत असेल. तू रोज सोबत होतीस, म्हणून त्याने सांगितलं नसेल, आणि मी सांगितलं नाही कारण तू तेल लावत असशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कॅलेंडरवर त्याने लिहिलं नाही. जे त्याच्या हाताला माहीत होतं ते कागदावर आलंच नाही.

म्हणजे तुझ्या हाताचा दोष नाही. ऐकतेस ना? तुझ्या हाताचा काही दोष नाही.

वाडगा चिनी मातीचा आहे, तो निघेल. चाटूचं मला कठीण वाटतं. लाकूड तेल पितं आणि सोडत नाही. दीड वर्षाचं तेल आहे ते. तो चाटू बाजूला ठेव वहिनी. नवा आण. तो दादाचाच राहील, त्याने फेटलं नाही म्हणून दुसऱ्याचा होत नाही.

मी फार लिहिलं असेन तर दोन दिवस बोलू नकोस, तिसऱ्या दिवशी लिही.

तुझ्याच हाताखाली वाढलेली,
सपना


मुलुंड,
९ एप्रिल २०२५

चि. सपना हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तीन वेळा वाचलं. तो मोरीत बसून लिंबू चोळायचा तेव्हा मी त्याला किती बोलले असेन. मला वाटायचं अंड्याचा वास घालवतोय. एवढी वर्षं एका खोलीत राहून ते विचारलं नाही. विचारावं असं काही वाटलंच नाही.

तू म्हणालीस चाटूचं कठीण आहे. तरी मी करून पाहिलं. पातेल्यात पाणी उकळून त्यात बुडवला. पाण्यावर तेलाचे डोळे आले, लहान मोठे. पाणी फेकलं, पुन्हा उकळलं, पुन्हा डोळे. पाच वेळा केलं. पाचव्या वेळी वाटलं हे मी काय करते आहे, जे रविवारी घातलं ते आता उकळून काढते आहे. गॅस बंद केला. चाटू पुसून खिडकीत ठेवला. नंतर मी भांडी घासली नाहीत, हे तुला मुद्दाम लिहिते. चांगली रडले. सम्यक बाहेरच्या खोलीत होता, त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. पोरगा शहाणा आहे.

सोमवारी बाजारात जाऊन नवा चाटू आणला. दुकानदार पॉलिश केलेला देत होता, मी म्हटलं कोराच दे. वाडगा उकळत्या पाण्याने आणि लिंबाने धुतला, उन्हात ठेवला, नाकाला लावून बघितला. माझ्या डोक्याला त्याच्यासारखा रुमाल बांधला. सम्यक म्हणाला, पप्पांसारखी दिसतेस. मी म्हटलं, गप बस, हात धुऊन ये. अर्धा तास मी आणि पाव तास तो.

सपना, ते फुगलं. चाटू उचलला तर त्याच्या टोकावर उभं राहिलं, वाकलं नाही. मी दोन बिस्किटांवर थापून, वर कोरडं फडकं झाकून पंख्याखाली ठेवलं.

मंगळवारी सकाळी साडेसातला अंबादास दारात, दुकानाला काय सांगू म्हणून. मी अजून फडकं काढून बघितलं नव्हतं. त्याला म्हटलं, दुकानाला नको म्हणून सांग. तो गेला आणि मग मी फडकं काढलं. नखाने वाजवलं. टक टक वाजलं.

आधी बघून मग सांगायला हवं होतं, असं सम्यक म्हणतो. असेल. पण मला बघायच्या आधीच सांगायचं होतं.

आता अकरा नावं. मेंदीचा कोन मला येतो, तसाच कागदाचा करीन. तू चौदा तारखेला येतेस ना? डॉक्टरने तारीख दिली असेल तर ती चुकवू नकोस, तुकडा ठेवीन. खराब होत नाही.

लोभ दोन्हीकडून आहे, तसाच चालू दे.
तुझी,
द्रौपदी


मुलुंड,
१६ एप्रिल २०२५

चि. सपना हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

कानाचं मशीन मिळालं हे सम्यककडून कळलं. आता तुझ्याबद्दल तुझ्यासमोर बोलता येणार नाही, ही आमची गैरसोय झाली. तू आली नाहीस म्हणून नीट लिहिते.

रविवारी सकाळी साधा केक बेकरीतून आणला, दोन लाद्या. मधे जाम, वर आयसिंग. पुस्तकाचा मधला खळगा मी वाटीच्या पाठीने दाबून केला, तो जरा रुंदच झाला. पुस्तक पुष्कळ वाचून झाल्यासारखं दिसत होतं. नावं दुपारी लिहिली. तुझ्या दादाचं अक्षर बारीक आणि सरळ, माझं मोठं आणि थोडं चढाला लागलेलं. अकरा नावं दोन पानांत कशीबशी मावली.

सोमवारी सकाळी वंदनेच्या आधी केक टेबलावर ठेवला. ऊन तुला माहीत आहे. अकरा वाजले, बारा वाजले, भाषणं संपेनात. मी मागे खुर्चीत बसून फक्त टेबलाकडे बघत होते. कोण काय बोललं ते विचारू नकोस. तो हलला नाही. एक थेंब सुटला नाही.

मग कापायची वेळ आली. एक निवृत्त शिक्षिका पाहुण्या होत्या, त्यांच्या हातात प्लॅस्टिकची सुरी दिली. सुरी वाकली. दुसरी दिली, तिचा तुकडा पडला. बाई म्हणाल्या, हा केक आहे की पायरी. सगळे हसले. मी पुढे गेले, घरून लोखंडी सुरी आणि बत्ता मागवला आणि सुरीच्या पाठीवर ठोकला.

आणि सपना, इथे माझी फजिती झाली. तुझा दादा आयसिंग ओलं असतानाच नावांच्या मधून दोऱ्याने रेघा मारून ठेवत असे, म्हणून तुकडे नावाला नाव निघायचे. मला हे नंतर आठवलं, तुलाही आठवलं नव्हतं. बत्ता बसला आणि तडे कुठूनही गेले. एकही नाव पूर्ण राहिलं नाही. कोणाच्या तुकड्यात नुसता काना, कोणाच्यात दुसऱ्याची वेलांटी. मला वाटलं आता संपलं. सगळ्यांसमोर.

एका मुलीने तिचा तुकडा हातात धरून बघितला आणि म्हणाली, हे माझं नाही. तिची आई तिला घेऊन सतरंजीवर बसली आणि उरलेलं शोधायला लागली. मग दुसरी आई बसली. थोड्या वेळाने अकरा पोरं आणि त्यांच्या आया सतरंजीवर, मधे सगळे तुकडे, आणि जो तो आपलं नाव जुळवतोय. एकमेकांना विचारताहेत, तुझ्याकडे माझा पहिला आहे का. ज्या पोरांना अजून अ माहीत नाही ती स्वतःचं नाव लावत होती. दोन आयांना वाचता येत नव्हतं. त्या बाजूला बसल्या होत्या, मी त्यांच्यात जाऊन बसले. अंबादासने माईक बंद केला. अर्धा तास तेच चाललं होतं, मगच खाल्लं. दातांना चांगला व्यायाम झाला.

जाताना अंबादास म्हणाला, पुढच्या वर्षीही असंच फोडायचं. मी त्याला खरं सांगितलं नाही. त्या दोन आयांना मी म्हटलं, रविवारी दुपारी मी रिकामी असते. एकीने मान हलवली, दुसरीने विचारलं की पाटी आणायची का. मी म्हटलं, काही आणू नका, माझ्याकडे वाण्याचे कागद पुष्कळ आहेत.

घरी आल्यावर घर फार शांत वाटलं. सम्यक मित्रांकडे गेला होता. तुझा दादा जयंतीच्या संध्याकाळी पाय पसरून बसायचा आणि म्हणायचा, झालं एकदाचं. ते म्हणायला कोणी नव्हतं. मीच मोठ्याने म्हटलं. बरं वाटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही.

तुझा तुकडा डब्यात आहे. त्यावर कोणाच्या तरी नावाचं शेवटचं अक्षर आहे, ते पोरगं मागायला आलं तर द्यावं लागेल, म्हणून लवकर ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतला चाटू घेतला आणि त्याने पिठलं ढवळलं. मी आणि सम्यकने भाकरीबरोबर खाल्लं.

तुझी,
द्रौपदी